सुवाह्य सौर वीजपेटी : घडण, हिशेब आणि मर्यादा

लखनौहून सीतापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर वीसेक किलोमीटर अंतरावर बख्शी का तालाब हे तहसिलीचे गाव लागते. नावातील ‘बख्शी’ म्हणजे नवाबी अमदानीत फौजेच्या पगाराचा हिशेब सांभाळणारा अधिकारी. वायुदलाचा तळ, राज्य ग्रामविकास संस्थेचे आवार, कृषी महाविद्यालय आणि भोवताली पसरलेल्या आमराया असे या परिसराचे आजचे रूप आहे. मलिहाबाद-काकोरीपासून येथपर्यंतचा पट्टा दशहरी आंब्यासाठी ओळखला जातो. लखनौभोवतीच्या याच खेड्यांतून घरोघरी चिकनकारीचे भरतकाम चालते. या कलेला २००८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. तांदळाच्या दाण्याएवढी मुर्री, बाजरीच्या दाण्याएवढा फंदा आणि कापडाचे धागे सुईने अलग सारून काढलेली जाळी, ही सारी डोळ्यांची कसोटी पाहणारी कामे आहेत. घरकाम आटोपल्यावर हाती येणारा संध्याकाळचा वेळ या स्त्रियांच्या कमाईचा असतो. नेमक्या त्याच वेळी वीज गेली, तर नगावर मिळणारी मजुरी बुडते आणि कंदिलाच्या उजेडात काम रेटले तर डोळ्यांवर ताण पडतो.

वीज पोहोचलीच नाही, अशी स्थिती आता उरलेली नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेतून देशातील पावणेतीन कोटींहून अधिक घरांना जोडण्या मिळाल्या आणि त्यांत उत्तर प्रदेशचा वाटा सर्वांत मोठा होता. प्रश्न उरतो तो विजेच्या सातत्याचा. मे-जून महिन्यांतील आँधीने तारा तुटतात, उकाड्यात रोहित्रांवर भार वाढतो आणि पावसाळ्यात दुरुस्तीला वेळ लागतो. ३० व ३१ जुलै २०१२ या लागोपाठच्या दोन दिवशी उत्तरेकडील वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्येकडील जाळीही त्याच्याबरोबर बंद पडली आणि सुमारे ६० कोटी लोकांच्या जीवनावर त्याचा परिणाम झाला. लखनौ परिसरातील अनेक घरांत इन्व्हर्टर व शिसे-आम्लाची जड बॅटरी दिसते ती अशाच अनुभवांमुळे. परंतु ही बॅटरी भरण्यासाठीही तारेतील वीजच लागते. पुरवठा दीर्घकाळ खंडित राहिला की तीही निरुपयोगी ठरते.

या अडचणीवर सौर पॅनल, बॅटरी, प्रभार नियंत्रक व छोटा इन्व्हर्टर एका पेटीत बसवून केलेली सुवाह्य वीजपेटी हा एक व्यवहार्य उपाय आहे. अशा तयार पेट्या बाजारात मिळतात. मात्र त्या महाग असतात आणि बहुधा बंदिस्त असल्यामुळे बिघडल्यास गावातील कारागिराला उघडून दुरुस्त करता येत नाहीत. घरी जुळविलेल्या पेटीचा खरा लाभ तिच्या किमतीपेक्षा या दुरुस्तीत आहे. जो भाग बिघडला तोच बदलावा, बाकीची पेटी चालू राहते.

सामान्य माणसाने सौर उपकरण स्वतः जुळवावे, ही कल्पना भारतात नवी नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करीत विज्ञान शिकावे, याच भूमिकेतून. पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने सौर अभ्यासदिव्यांचा मोठा प्रकल्प हाती घेतला. दिवे कारखान्यात तयार करून वाटण्याऐवजी सुटे भाग गावांजवळच्या केंद्रांत नेऊन स्थानिक लोकांकडून, विशेषतः बचत गटांतील महिलांकडून, ते जुळवून घेतले गेले. दुरुस्तीचे शिक्षणही त्यांनाच देण्यात आले. याच धर्तीवर डिसेंबर २०१६ मध्ये ७० लाख अभ्यासदिव्यांची योजना मंजूर झाली. तिच्यात आसाम, बिहार, झारखंड व ओडिशा यांच्याबरोबर उत्तर प्रदेशचाही समावेश होता. या कार्याचे प्रवर्तक प्रा. चेतनसिंह सोळंकी यांनी २०२० च्या अखेरीस सौरविजेवर चालणाऱ्या सोयींनी सज्ज अशा बसमधून देशभर यात्रा आरंभली. ती बस म्हणजे चाकांवरची मोठी वीजपेटीच म्हणावी लागेल.

आधी हिशेब, मग खरेदी

वीजपेटी करू पाहणारा बहुधा प्रथम बाजार गाठतो आणि तेथेच चुकतो. पेटी किती मोठी हवी, हे पॅनलच्या वॅटवरून न ठरविता घराच्या गरजेवरून ठरवावे लागते. वॅट हे एखादे उपकरण वीज किती वेगाने खाते याचे माप होय, तर वॅट-तास हे एकूण किती खाल्ली याचे. एक हजार वॅट-तास म्हणजे वीजबिलावरील एक युनिट.

भरतकाम करणाऱ्या एखाद्या घराची गरज अशी मांडता येईल. ९ वॅटचे दोन एलईडी दिवे प्रत्येकी ५ तास, म्हणजे ९० वॅट-तास. १५ वॅटचा, १२ व्होल्टवर चालणारा मेजपंखा ६ तास, म्हणजे आणखी ९०. दोन मोबाइल भरण्यास प्रत्येकी १५ प्रमाणे ३०. एकूण गरज २१० वॅट-तासांची झाली. तारा व जोडण्यांतील घट धरली तर बॅटरीतून रोज सुमारे २४० वॅट-तास काढावे लागतील. शीतकपाट, पाण्याचा पंप वा इस्त्री या हिशेबात नाही, आणि ती येऊही नये. एक हजार वॅटची इस्त्री अशा पेटीला काही मिनिटांत रिकामी करील. त्याआधी इन्व्हर्टरच बंद पडेल.

बॅटरी : पेटीचे हृदय

एकूण खर्चाचा मोठा वाटा बॅटरीचा असतो, म्हणून तिची निवड काळजीपूर्वक करावी. शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त, पण जड असते. शिवाय तिच्यातील निम्म्याहून अधिक वीज रोज काढली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. सुवाह्य पेटीसाठी आज लिथियम लोह फॉस्फेट हा प्रकार अधिक योग्य ठरतो. या द्रव्याचा बॅटरीसाठी उपयोग होऊ शकतो, हे टेक्सास विद्यापीठात अक्षय पाधी, के. एस. नंजुंडस्वामी व जॉन गुडइनफ यांनी १९९७ साली दाखवून दिले. गुडइनफ यांना पुढे २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पहिल्या दोघांच्या नावांवरून भारताशी असलेला या शोधाचा धागा ध्यानात येईल, पण आपल्याकडे त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

या प्रकारच्या एका घटाचा दाब ३.२ व्होल्ट असतो. चार घट एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट मिळतात आणि १२ व्होल्टची सर्व उपकरणे त्यावर चालतात. ३० अँपिअर-तासांची अशी बॅटरी घेतली, तर १२.८ गुणिले ३० म्हणजे ३८४ वॅट-तास साठतात. त्यातील ८० टक्के वापरावयाचे ठरविले तरी ३०७ हाती येतात. रोजची २४० ची गरज भागून एखादे दिवशी तासभर दूरदर्शन संच चालविण्याइतकी वीज शिल्लक राहते. हिचे वजन साडेतीन-चार किलोच्या आसपास असते. तेवढीच उपयुक्त वीज देणारी शिसे-आम्लाची बॅटरी जवळजवळ चौपट जड भरेल. योग्य वापर केल्यास लोह फॉस्फेटची बॅटरी दोन हजार वा त्याहून अधिक वेळा भरता-उपसता येते.

मात्र प्रत्येक लिथियम बॅटरीला रक्षक मंडल, म्हणजे बाजारच्या भाषेत बीएमएस, असलेच पाहिजे. चारांपैकी कोणताही घट ३.६५ व्होल्टच्या वर गेला तर भरणे, आणि सुमारे २.५ व्होल्टच्या खाली उतरला तर उपसणे हे मंडल थांबवते. तारा एकमेकींना चिकटून प्रवाह बेसुमार वाढला, तर तो तोडण्याचे कामही तेच करते. जुन्या लॅपटॉपमधील घट काढून, त्यांची क्षमता न तपासता बॅटरी बनविण्याचा मोह अनेकांना होतो. ते घट बहुधा वेगळ्या रसायनाचे असतात, अतितापल्यावर त्यांना आग लागण्याची शक्यता अधिक असते आणि त्यांचे वयही सारखे नसते. ज्याच्याकडे घट जोडण्याचे स्पॉट वेल्डिंग यंत्र व मोजमापाची साधने नाहीत, त्याने रक्षक मंडलासह तयार बॅटरीच विकत घ्यावी. स्वावलंबनाचा आग्रह घटांच्या बाबतीत धरण्याचे कारण नाही.

पॅनल आणि आंब्याची सावली

बख्शी का तालाब सुमारे २७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे पॅनलचे तोंड दक्षिणेकडे करून ते जमिनीशी साधारण २७ अंशांचा कोन करील असे ठेवावे. हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो तेव्हा हा कोन ४० अंशांपर्यंत वाढवावा, उन्हाळ्यात १२-१५ वर आणावा. दोन-तीन खाचा असलेली लोखंडी पट्टीची घोडी त्यासाठी पुरते. वर्षाची सरासरी धरली तर येथे दिवसाला सुमारे पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा मिळते. १०० वॅटचे पॅनल घेतले आणि धूळ, उष्णता व जोडण्यांतील घट वजा जाता ७० टक्केच वीज बॅटरीत पोहोचते असे धरले, तरी १०० गुणिले ५ गुणिले ०.७ म्हणजे ३५० वॅट-तास होतात. गरज २४० ची आहे.

हा हिशेब सरासरीचा झाला. वर्ष काही सरासरीत जगता येत नाही. मे महिन्यात ऊन प्रखर म्हणून वीजही तितकीच अधिक मिळेल, ही समजूत बरोबर नाही. पॅनलची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानास मोजलेली असते. लखनौच्या दुपारी काच व घट ६५ अंशांपर्यंत तापतात, आणि प्रत्येक वाढीव अंशामागे ०.३५ ते ०.४ टक्के क्षमता कमी होते. चाळीस अंशांच्या वाढीने १४ ते १६ टक्के घट आली. पॅनल पत्र्यावर चिकटवून न ठेवता खालून वारा खेळेल असे उभारले, तर यातील काही भाग वाचतो.

आमराईच्या प्रदेशात सावलीचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. पॅनलमधील घट साखळीसारखे एकामागून एक जोडलेले असतात. एका घटावर फांदीची सावली पडली की त्यातून जाणारा प्रवाह रोडावतो आणि साखळीतील इतर घट उन्हात असूनही त्यांचा प्रवाह त्याच मापाने आवळला जातो. बायपास डायोडमुळे सावलीतला गट वगळला जातो खरा, पण लहान पॅनलमध्ये असे गट दोनच असतात, त्यामुळे एका फांदीपायी निम्मी वीज जाऊ शकते. आंब्याचे झाड तोडण्याची मात्र गरज नाही. पेटी सुवाह्य असण्याचा उपयोग येथेच होतो. सकाळी पॅनल अंगणाच्या एका टोकाला ठेवावे, दुपारी दुसऱ्या. काचेचे १०० वॅटचे पॅनल सहा ते आठ किलोचे असते आणि एका माणसाला सहज उचलता येते. घडीची पॅनले हलकी असतात, परंतु महाग पडतात व लवकर जीर्ण होतात. शेतघरासाठी काचेचेच बरे. आँधीच्या दिवसांत ते दोरीने बांधून ठेवण्यास विसरू नये.

नियंत्रक व इन्व्हर्टर

१२ व्होल्टचे म्हणून विकले जाणारे १०० वॅटचे पॅनल प्रत्यक्षात सुमारे १८ व्होल्ट व ५.५ अँपिअर देते. ते थेट बॅटरीला जोडता येत नाही. मध्ये प्रभार नियंत्रक लागतो. साधा नियंत्रक, ज्यास पीडब्ल्यूएम म्हणतात, पॅनलचा दाब बॅटरीच्या पातळीवर ओढतो. ५.५ गुणिले १३.३ म्हणजे ७३ वॅटच बॅटरीत जातात, उरलेले वाया जातात. एमपीपीटी नियंत्रक जादा दाबाचे प्रवाहात रूपांतर करतो आणि ९० वॅटच्या पुढे वीज मिळवून देतो. तापलेल्या पॅनलचा दाब उतरत असल्याने उन्हाळ्यात या दोहोंतील अंतर कमी होते. हिवाळ्यातील स्वच्छ दिवशी ते सर्वाधिक असते. किमतीतला फरक पाहता एमपीपीटी घेणे हिताचे. फक्त त्यावर ‘लिथियम लोह फॉस्फेट’ हा पर्याय निवडून भरण्याची कमाल मर्यादा १४.२ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान ठेवावी. शिसे-आम्लाच्या बॅटरीसाठी असलेले समतोल-भरण लिथियमला घातक आहे. ते बंद केल्याची खात्री करून घ्यावी.

दिवे, पंखा व मोबाइल १२ व्होल्ट किंवा यूएसबीवर थेट चालवावेत. इन्व्हर्टर २३० व्होल्टच्या उपकरणापुरताच ठेवावा. कारण तो नुसता चालू असला, तरी पाच ते दहा वॅट खात राहतो. रात्रभर बंद करण्याचे राहून गेले, तर ४० ते ८० वॅट-तास, म्हणजे दोन्ही दिव्यांची जवळजवळ एका संध्याकाळची वीज, काहीही न करता संपते. २०० वॅटचा, शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर या पेटीला पुरेसा आहे.

जोडणी आणि धोके

पूर्ण भारावर हा इन्व्हर्टर बॅटरीतून १८-१९ अँपिअर प्रवाह ओढतो. २३० व्होल्टच्या घरगुती तारांची सवय असलेल्या माणसाला १२ व्होल्ट निरुपद्रवी वाटतात. दाब कमी असला की तेवढ्याच वीजशक्तीसाठी प्रवाह वाढतो आणि बारीक तार त्या प्रवाहाने तापून वितळते. म्हणून बॅटरी ते इन्व्हर्टर ही तार ६ चौरस मिलिमीटरची, तांब्याची आणि शक्य तितकी आखूड असावी. बॅटरीच्या धन टोकापासून वितभर अंतराच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज बसवावा. दिव्यांच्या शाखेला ५ अँपिअरचा, पॅनलच्या शाखेला १० अँपिअरचा वेगळा फ्यूज द्यावा. फ्यूजऐवजी घरगुती एमसीबी वापरणे योग्य नाही. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्या क्षणी संपर्कांमधील ठिणगी विझते. सरळ प्रवाहाला असा शून्याचा क्षण नसतो आणि ठिणगी पेटती राहू शकते. बटणही सरळ प्रवाहासाठीच बनविलेले हवे.

जोडण्याचा क्रमही ठरलेला आहे. नियंत्रकाला प्रथम बॅटरी जोडावी, म्हणजे तो दाब ओळखतो, त्यानंतर पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. काम करताना अंगठी व धातूची बांगडी काढून ठेवावी, पाना-पक्कडीच्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळावी. पेटी लाकडी वा जाड प्लॅस्टिकची चालते. दोन्ही बाजूंना हवेसाठी जाळीदार छिद्रे असावीत आणि इन्व्हर्टर बॅटरीच्या अगदी अंगाला लागून नसावा. ४५ अंशांवरील उष्णता बॅटरीचे आयुष्य घटविते. म्हणून पॅनल उन्हात आणि पेटी सावलीत, ही व्यवस्था उत्तर भारतात काटेकोरपणे पाळावी लागते. शिल्लक वीज पाहण्यासाठी अनेकजण व्होल्टमापी बसवितात. पण लोह फॉस्फेटचा दाब अखेरपर्यंत १३ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो आणि मग एकाएकी कोसळतो, त्यामुळे तो मापी फसवा ठरतो. आलेली व गेलेली वीज मोजणारा वॅट-मापी अधिक विश्वासार्ह असतो.

एक धोका मात्र घरापुरता राहत नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टरची तार भिंतीतील सॉकेटमध्ये खोचून सगळ्या घरात दिवे लावण्याचा प्रकार काही ठिकाणी केला जातो. मुख्य स्विच चालू राहिलेला असेल, तर ही वीज उलट दिशेने रोहित्रापर्यंत पोहोचू शकते. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते. २३० व्होल्टचे तेथे हजारो व्होल्ट होऊन तारेत उतरू शकतात, आणि खांबावर चढलेला वायरमन तार निर्जीव आहे असे समजून तिला हात लावतो. इन्व्हर्टर लहान असल्यास बहुतेकदा भार न पेलून तो बंद पडतो. पण माणसाच्या जिवाचा भरवसा ‘बहुतेकदा’वर ठेवता येत नाही. वीजपेटीतून उपकरणे थेट पेटीवरील सॉकेटलाच जोडावीत, घराच्या तारांना ती कधीही जोडू नये.

धुक्याचे दिवस

डिसेंबरअखेर ते जानेवारी या काळात गंगेच्या मैदानावर दाट धुके उतरते. एखाद्या दिवशी दीड ते दोन तासांच्या पूर्ण उन्हाइतकीच ऊर्जा मिळते, म्हणजे १०५ ते १४० वॅट-तास. परंतु त्या दिवसांत पंखा बंद असतो. वरच्या हिशेबातून त्याचे ९० वजा केले की गरज १२०, घटीसह सुमारे १४० उरते. जेमतेम मिळते ते जेमतेम पुरते. सलग चार-पाच दिवस धुके राहिले, तर तारेतील वीज असताना बॅटरी भरून घेणे श्रेयस्कर. त्यासाठी लोह फॉस्फेटचा १४.६ व्होल्टचा स्वतंत्र चार्जर मिळतो. पावसाळ्यात तीन ते साडेतीन तासांच्या उन्हातून २१० ते २४५ वॅट-तास येतात आणि पंखाही चालू असतो. तेव्हा आकाश भरून आलेल्या दिवशी दूरदर्शन संच न लावलेला बरा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे पॅनल घेणे थोडे सुलभ झाले आहे. फेब्रुवारी २०२४ मधील ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे अनुदान मात्र वीजजाळ्याशी जोडलेल्या छतावरील संचांना आहे. सुवाह्य पेटी त्या कक्षेत येत नाही आणि छतसंचाला ती पर्यायही नाही. साधा छतसंच जाळ्यातील वीज गेली की वायरमनच्या सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो. अशा वेळी बॅटरी असलेली ही छोटी पेटीच उजेड देते.

देखभाल थोडीच आहे. लू वाहत असताना आठवड्यातून दोनदा पहाटे, काच थंड असताना, ओल्या फडक्याने पॅनल पुसावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. महिन्यातून एकदा सर्व स्क्रू आवळावेत, कारण सैल जोडणी तापते. पेटी वापराविना ठेवायची असेल, तर बॅटरी अर्धी भरून ठेवावी. आयुष्य संपलेली बॅटरी भंगारात वा शेताच्या बांधावर टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याचे दायित्व उत्पादकांवर आहे. तेव्हा बॅटरी घेतानाच ती परत कोठे द्यावयाची हे विक्रेत्याकडून विचारून, पावतीसह पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवावे.